एक कागद, एक पेन, तीन डोकी: गटाने प्रश्न सोडवायला कसं शिकवावं

पहिल्या वर्षाच्या मुलांना ‘गटात करा’ म्हटलं की पुढचं सगळं ठरलेलं असतं. चार प्रश्न असतील तर चौघं एकेक वाटून घेतात, रात्री व्हॉट्सॲपवर फोटो फिरतात आणि सकाळी चारही वह्यांत चारही उत्तरं तयार. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला याचीच मोठी आवृत्ती निघते: एक जण कोड लिहितो, एक जण पीपीटी करतो, उरलेले ब्लॅक बुकच्या, म्हणजे प्रोजेक्ट रिपोर्टच्या, बाइंडिंगचे पैसे भरतात. यात मुलांचं काही चुकतं असं नाही. जे काम वाटून होण्यासारखं आहे ते कुणीही शहाणा माणूस वाटूनच घेणार. म्हणून शिकवणाऱ्याने सहकार्यावर भाषण देण्याआधी काम असं आखायला हवं की ते वाटून घेताच येऊ नये.

हा लेख इंजिनीअरिंग किंवा विज्ञान शाखेत नव्याने शिकवायला लागलेल्यांसाठी आहे. २० जणांची ट्यूटोरियल बॅच, एक तासाची तासिका आणि साधारण १२ आठवड्यांचं सत्र असं धरलं आहे. ६० जणांचा अख्खा वर्ग एकट्याने घेण्याचा मोह पहिल्या सत्रात टाळा. सहा-सात गटांच्या पुढे काय बोलणं चाललंय हे एका माणसाला ऐकूच येत नाही, आणि ऐकू आलं नाही तर सगळी मेहनत वाया जाते.

प्रश्न तयार करणं: खरं काम इथेच आहे

पुस्तकातला नेहमीचा प्रश्न घ्या. ‘६०० चौरस मीटर छतावर वर्षाला ७०० मिलीमीटर पाऊस पडतो. अपवाह गुणांक (पडलेल्या पावसातला वाहून हाती येणारा वाटा) ०.८ असल्यास किती पाणी जमा होईल?’ एक गुणाकार केला की ३३६ घनमीटर, म्हणजे ३,३६,००० लिटर. गटातल्या हुशार मुलाला याला दीड मिनिट लागतं. बाकीचे दोघं त्याच्या वहीत डोकावतात. गट करून काही साधलं नाही.

आता तोच प्रश्न असा मांडा:

‘तुमच्या वसतिगृहात १२० जण राहतात. गच्ची ६०० चौरस मीटर, पाण्याच्या दोन जुन्या टाक्यांचा रंग उडालेला. गावात वर्षाला ७०० मिलीमीटर पाऊस होतो, अपवाह गुणांक ०.८ धरा. दिवसात ५० मिलीमीटर पडला तर लोक त्याला जोराचा पाऊस म्हणतात. पावसाचं पाणी साठवायला प्राचार्यांनी ५ लाख रुपये मंजूर केले आहेत. बांधकामाचा दर लिटरमागे १० रुपये धरा. टाकी किती लिटरची बांधावी आणि ते पाणी कशासाठी वापरावं, हे प्राचार्यांना एका पानात कळवा.’

राष्ट्रीय इमारत संहितेत वसतिगृहासाठी माणशी रोजचे १३५ लिटर धरतात, त्यातले ४५ फ्लशचे. ही माहिती मात्र कागदावर छापायची नाही. कुणी विचारली तरच द्यायची.

वर्गात काय घडतं बघा. सुरुवातीला सगळे गट ३,३६,००० वर पोचतात आणि तेवढीच टाकी बांधायला निघतात. खर्च येतो ३३ लाख ६० हजार. मंजूर आहेत ५. इथे गाडी अडते, आणि ती अडावी म्हणूनच हा प्रश्न आहे. चांगल्या गटात या टप्प्यावर साधारण असं बोलणं ऐकू येतं:

‘पैसे कमी आहेत, म्हणजे ५०,००० लिटरचीच टाकी होणार. विषय संपला.’

‘अरे, पण सगळा पाऊस एकाच दिवशी पडणार आहे का?’

‘म्हणजे?’

‘रोज वापरत गेलो तर टाकी रिकामी होत जाईल ना! वर्षाचं पाणी साठवायचंच कशाला?’

इथून पुढे ते एकटं डोकं राहत नाही. जोराच्या पावसाच्या दिवशी गच्चीवरून २४,००० लिटर येतं. १२० जणांचा सगळा वापर धरला तर दिवसाला १६,२०० लिटर लागतं आणि भरलेली ५०,००० ची टाकी तीन दिवसांत तळ गाठते. फक्त फ्लशला वापरलं तर रोज ५,४०० लिटर, म्हणजे मधे पाऊस थांबला तरी नऊ दिवस निघतात. मग कुणीतरी विचारतं की फ्लशची पाइपलाइन वेगळी आहे का. मग पहिल्या पावसाचं घाण पाणी बाहेर सोडायचं की नाही. एकच बरोबर उत्तर नाही, पण चुकीची उत्तरं भरपूर आहेत. गटासाठी असाच प्रश्न हवा.

असा प्रश्न लिहिताना चार गोष्टी सांभाळा. कुणालातरी काहीतरी ठरवायचं असलं पाहिजे, नुसतं ‘काढा’ किंवा ‘सिद्ध करा’ चालत नाही. एक आवश्यक आकडा गाळायचा. एक अनावश्यक तपशील घालायचा (वरच्या प्रश्नातल्या रंग उडालेल्या टाक्या तेवढ्यासाठीच आहेत). आणि शेवटची कसोटी वाटणीची: प्रश्नाचे तीन तुकडे करून तिघांना दिले आणि नंतर चिकटवले तर उत्तर तयार होतं का? होत असेल तर प्रश्न बाद. विभाग अ, ब, क असे आधीच पाडून दिलेले प्रश्न या कसोटीत हमखास नापास होतात, कारण वाटणी तुम्हीच करून दिलेली असते.

सोपा प्रश्न देऊन मुलांचा आत्मविश्वास वाढवू, हा विचार चांगल्या मनाचा पण उलटा पडणारा आहे. अमेरिकेत बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात उरी ट्राइसमन यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅल्क्युलसमध्ये मागे पडणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी कार्यशाळा सुरू केल्या, तेव्हा त्यांनी उजळणीचे प्रश्न मुद्दाम टाळले आणि नेहमीपेक्षा अवघड प्रश्न दिले. सोप्या प्रश्नाला दुसऱ्याची गरजच पडत नाही.

पहिल्यांदा असा एक प्रश्न लिहायला दोन संध्याकाळी जातात. म्हणून दर आठवड्याचा हट्ट नको. आठवड्याआड एक, सत्रात सहा प्रश्न पुरे. प्रश्न दुसऱ्या एखाद्या सहकाऱ्याकडून सोडवून घ्या. तो एकटा दहा मिनिटांत मोकळा झाला तर पुन्हा लिहायला बसा.

गट तिघांचा, आणि तो तुम्हीच पाडायचा

मिनेसोटा विद्यापीठात पॅट्रिशिया हेलर आणि मार्क हॉलाबॉ यांनी भौतिकशास्त्राच्या वर्गांत नेमकी हीच पद्धत वापरून पाहिली आणि १९९२ साली निष्कर्ष मांडले. जोडीपेक्षा आणि चौघांपेक्षा तिघांचा गट बरा चालतो. जोडीत मतभेद झाला की तो सोडवायला तिसरं कुणी नसतं आणि ज्याचा आवाज मोठा तो जिंकतो. चौघांत एक जण बाहेर पडतो. तो आळशी असतो असं नाही, त्याला बोलायला जागाच मिळत नाही. माणसं वाढली की माणशी जोर कमी होतो हे फ्रान्सच्या मॅक्सिमिलियन रिंगेलमान यांनी दोरखंड ओढायला लावून मोजलं होतं, आणि त्याला आता शंभरावर वर्षं झाली.

२० जणांच्या बॅचचे चार गट तिघांचे आणि दोन गट चौघांचे होतात. पाचाचा गट कधीच करू नका. गट नव्याने पाडाल तेव्हा चौघांच्या गटांची पाळी बदला.

गट पाडायला मागच्या चाचणीचे गुण घ्या. यादी उतरत्या क्रमाने लावा, तिचे वरचा, मधला, खालचा असे तीन भाग करा, प्रत्येक भागातून एकेक उचला. ही यादी मुलांना दाखवायची नाही आणि तिची चर्चाही करायची नाही. हजेरी क्रमांकाने पाडलेले गट सोपे वाटतात, पण प्रवेशाच्या फेऱ्यांप्रमाणे क्रमांक लागलेले असतील तर एकाच दर्जाची मुलं एकत्र येतात. ‘आपापले गट करा’ म्हणालात तर एका रूमवरचे, एका गावचे, एका माध्यमातून आलेले एकत्र बसतात आणि दोन-तीन जण कुणालाच नको असलेले म्हणून भिंतीशी उभे राहतात. तो क्षण त्यांच्या चार वर्षं लक्षात राहतो.

मुलींबद्दल एक नेमकी गोष्ट. दोन मुलगे आणि एक मुलगी असा गट केला की मुलीचं म्हणणं बरोबर असूनही मागे पडतं, हे मिनेसोटाच्या त्या निरीक्षणांतही आलं आहे. मेकॅनिकलच्या बॅचमध्ये चारच मुली असतील तर ‘प्रत्येक गटात एक’ हा समतोल वाटणारा निर्णय घेऊ नका. दोघी एका गटात, दोघी दुसऱ्या गटात, बाकीचे गट मुलांचे.

गट तीन प्रश्नांपुरता, म्हणजे साधारण सहा आठवडे टिकवा, मग मोडा. पहिल्या वेळी अवघडलेपण असतं, दुसऱ्या वेळी भांडण होतं, तिसऱ्या वेळी काम होतं. दर वेळी गट बदलला तर सगळं सत्र अवघडलेपणातच जातं.

बसायचं कसं

बाक जमिनीला स्क्रूने ठोकलेले असतील तर ड्रॉइंग हॉल किंवा प्रयोगशाळेची स्टुलं मिळवा. तेही नसेल तर पुढच्या बाकावरचा एक जण मागे तोंड करून बसू द्या. एका ओळीत शेजारी-शेजारी बसलेले तिघं कधीच गट होत नाहीत. मधला दोघांशी बोलतो, कडेचे एकमेकांशी बोलत नाहीत. गुडघे समोरासमोर आले पाहिजेत. गटाला ए-तीन आकाराचा एकच कागद आणि एकच मार्कर द्या. वह्या बंद. तीन वह्या उघड्या असल्या की तीन वेगळी उत्तरं तयार होतात आणि शेवटी एकाची उतरवली जाते.

तीन भूमिका

सूत्रधार वेळ आणि क्रम सांभाळतो. शंकेखोर दर पायरीला अडवतो. लेखनिक कागदावर लिहितो आणि लिहिण्याआधी ‘हे सगळ्यांना मान्य ना?’ असं विचारतो. चौघांचा गट असेल तर चौथा दर पाच मिनिटांनी ‘आत्तापर्यंत काय ठरलं’ ते दोन वाक्यांत सांगतो.

यातली सगळ्यात मोलाची भूमिका शंकेखोराची, आणि सगळ्यात अवघडही तीच. आपल्याकडे वर्गातल्या मित्राला ‘कशावरून?’ विचारणं म्हणजे त्याचा अपमान असं मुलं समजतात. टॉपरला तर कुणीच विचारत नाही. भूमिका नेमून दिली की हे ओझं उतरतं: मी विचारत नाहीये, माझं कामच ते आहे. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर शंकेखोरासाठी चार वाक्यं लिहून द्या: ‘हा आकडा कुठून आला?’ ‘उलटं असतं तर?’ ‘एककं जुळतात का?’ ‘प्राचार्य हे वाचून काय विचारतील?’ पहिल्या दोन वेळा मुलं कार्ड वाचूनच विचारतात, नाटकी वाटतं, हसतात. हसू द्या. तिसऱ्या वेळी कार्ड पालथं पडलेलं असतं आणि प्रश्न येत असतात.

लेखनिकाच्या बाबतीत दोन गोष्टी बिघडतात. एक, ज्याच्या हाती पेन तोच कारभारी होतो. तो स्वतःच्या डोक्यातलं भराभर लिहीत सुटतो. नियम करा की लेखनिकाने दुसऱ्याने सांगितलेलंच लिहायचं. स्वतःची कल्पना असेल तर आधी तोंडी सांगायची आणि दुसऱ्याने मान्य केल्यावर लिहायची. दोन, ‘हिचं अक्षर चांगलं आहे’ म्हणून दर वेळी मुलगीच लेखनिक होते. म्हणून भूमिका मुलांनी ठरवायच्या नाहीत. पहिल्या दिवशीच तक्ता लावा आणि प्रत्येक प्रश्नाला भूमिका फिरवा.

भाषा कोणतीही चालेल, हे मोठ्याने सांगा. मराठी माध्यमातून आलेला मुलगा इंग्रजीत विचार मांडताना गप्प बसतो आणि गट त्याला ‘येत नाही’ या खात्यात टाकतो. बोलणं मराठीत, कागदावरचं लेखन परीक्षेच्या भाषेत. हिंदी बोलणारा एखादा असेल तर गट आपसूक त्याला सांभाळून घेतो.

साठ मिनिटांचा तास

पहिली ५ मिनिटं प्रत्येकाने एकट्याने, गप्प बसून प्रश्न वाचायचा आणि काय माहीत आहे, काय हवं आहे ते चिठ्ठीवर टिपायचं. ही पाच मिनिटं वेळ खातात म्हणून नवे शिक्षक ती गाळतात. गाळू नका. ती गाळली की सगळ्यात चलाख मूल तिसाव्या सेकंदाला रस्ता दाखवतं आणि बाकीचे त्यावरून चालायला लागतात.

पुढची ७ मिनिटं प्रत्येकाने आपली चिठ्ठी वाचून दाखवायची. मग १० मिनिटं आराखडा: काय काढायचं, कोणत्या क्रमाने, काय गृहीत धरायचं. या वेळात कॅल्क्युलेटर बॅगेत. आकडेमोड सुरू झाली की बोलणं थांबतं. पुढची २० मिनिटं सोडवायची. १२ मिनिटं सांगायची: एकेका गटाचं नाव चिठ्ठीने काढा, गटातलं कोण बोलणार तेही चिठ्ठीनेच. आधी सांगून ठेवलेला वक्ता असला की बाकीचे समजून घ्यायची तसदी घेत नाहीत. शेवटची ६ मिनिटं गटाने कागदाच्या मागे तीन ओळी लिहायच्या: कुठे अडलो, कुणाच्या कोणत्या प्रश्नाने सुटलो, पुढच्या वेळी काय बदलू. ‘सगळ्यांनी छान सहकार्य केलं’ असं लिहून आलं तर कागद परत करा.

तुम्ही काय करायचं

पहिली दहा मिनिटं कुठल्याही गटाजवळ जाऊ नका. गेलात की तिघंही तुमच्याकडे बघतात आणि ‘सर, बरोबर आहे का?’ सुरू होतं. नंतर फिरा, पण उभ्याने नाही. स्टूल ओढून बसा, म्हणजे डोळे त्यांच्या पातळीवर येतात.

गणिताचं शिक्षण अभ्यासणारे ॲलन शोएनफेल्ड आपल्या वर्गात तीनच प्रश्न विचारत फिरत: नक्की काय करताय, का करताय, त्याचा पुढे उपयोग काय. ते उसने घ्या. टाकीच्या प्रश्नात ‘आम्ही ३३६ ला १६.२ ने भागतोय’ असं उत्तर आलं की ‘का?’ एवढंच पुरतं. उत्तर २० दिवस आणि वर थोडं येतं, पण त्या वीस दिवसांचा अर्थ काय हे सांगताना गट स्वतःच थांबतो. प्रश्न शक्यतो सगळ्यात गप्प असलेल्याला विचारा, पण त्याला जे येतं तेच: ‘तुम्ही इथवर कसे आलात, सांग बघू.’ मार्कर हातात घेऊ नका. तुम्ही एक रेघ मारली तरी ती त्या गटाची शेवटची रेघ ठरते.

गट पूर्ण अडला असेल तर गाळलेला आकडा द्या, किंवा शेजारच्या गटाकडे एका जणाला दोन मिनिटांसाठी पाठवा. त्याने कागद न्यायचा नाही, फक्त ऐकून यायचं.

गुण

टर्मवर्कच्या (सत्रभराच्या कामाच्या) २५ गुणांतले १० गटाच्या कागदांना द्या, १० वैयक्तिक, ५ मागच्या तीन ओळींना. वैयक्तिक गुणांसाठी पुढच्या तासिकेला दहा मिनिटांचा छोटा प्रश्न ठेवा, त्याच विचाराचा पण आकडे आणि प्रसंग बदललेला: वसतिगृहाऐवजी मंगल कार्यालय, जिथे पाणी महिन्यातले सहाच दिवस लागतं. गटात बसून राहिलेला इथे उघडा पडतो, आणि गटातल्या हुशार मुलालाही कळतं की आपण शेजाऱ्याला नीट समजावलं होतं की नाही. वर्गातल्यांची एकमेकांशी तुलना करून गुण देऊ नका. दुसरा वर गेला की मी खाली जाणार असेल तर मी त्याला का सांगू?

एकमेकांना गुण द्यायला लावलं तर सगळे सगळ्यांना पूर्ण देतात. त्याऐवजी ‘तुमच्या गटातल्या कोणाच्या कोणत्या म्हणण्याने उत्तर बदललं?’ असं नाव घालून लिहायला सांगा. दोन-तीन प्रश्नांनंतर कुणाचं नाव कुठेच येत नाही ते दिसतं. त्या मुलाशी तास संपल्यावर एकट्याने बोला, वर्गात नाही.

फोन आणि चॅटजीपीटी

बंदी टिकत नाही. आराखड्याची १० मिनिटं संपेपर्यंत फोन पिशवीत, नंतर गटाला एकच फोन. टाकीचा प्रश्न चॅटजीपीटीला घातला तर सुबक उत्तर मिळतं, आणि त्यात तीन-चार गोष्टी न सांगता गृहीत धरलेल्या असतात. गटाला काम द्या: त्या उत्तरातल्या गृहीतकांची यादी करा आणि तुमच्या वसतिगृहाला कोणती लागू नाहीत ते लिहा. शंकेखोराचं कार्ड इथे फार कामाला येतं.

दुसऱ्या-तिसऱ्या वेळी येणारी तक्रार

‘सर, तुम्ही शिकवतच नाही, आम्हालाच करायला लावता.’ ही तक्रार येतेच, बहुतेक वेळा चांगले गुण मिळवणाऱ्यांकडून, कारण त्यांची जुनी पद्धत त्यांच्यासाठी चालत होती. वाद घालू नका. पहिल्या प्रश्नाचे कागद जपून ठेवा आणि सहाव्या प्रश्नाच्या दिवशी त्याच गटांना परत द्या (मधे गट बदलले असतील तर पहिले गट तेवढ्या वेळापुरते पुन्हा बसवा). पहिल्या कागदावर वर उत्तर आणि खाली खाडाखोड असते. सहाव्यावर आधी गृहीतकं, मग आराखडा, मग आकडे. फरक मुलांनाच शोधू द्या. दहा मिनिटं ठेवा, आणि हे कागद पुढच्या सत्राच्या बॅचसाठी फाइलला लावा, नावं कापून.